सल्लागार हवा, पण कोणत्या गावचा?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पैशाचा सल्ला विकत घेण्याची रीत नव्हती. सल्ला लागायचा, मिळायचाही. पण त्याचे दाम मोजायचे असतात, हे कुणाच्या गावी नव्हते. कापसाचा चुकारा हाती आला की वडील आधी सोसायटीचे कर्ज भरत, मग खामगावच्या सराफ्यात जाऊन आईसाठी एखादा डाग करत आणि उरलेल्या रकमेचे काय करावे हे पोस्टमास्तरांना विचारत. शाळेतले एक गुरुजी संध्याकाळी घरोघर जाऊन आयुर्विम्याचे फॉर्म भरून घेत. १९८६ साली बुलढाण्यात 'बुलडाणा अर्बन' ही पतसंस्था सुरू झाली आणि पुढे देशातल्या मोठ्या पतसंस्थांत तिची गणना होऊ लागली. मग पोस्टाच्या जोडीला पतसंस्थेचे पासबुकही घरोघरी आले.

या सगळ्यामागे हिशेब एकच होता, ओळखीचा. समोरच्याचे घर आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवलो आहोत, तो फसवून जाणार कुठे? ही पद्धत निर्धोक होती असे मुळीच नाही. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला, तेव्हा ओळखीची मंडळीही हात चोळत बसली होती. पुढे सरकारची मदत मिळाली आणि बँका सावरल्या. पण तोवर ठेवीदारांनी खेटे घातलेच. तरीही गावात राहणाऱ्याला निदान खेटे घालण्याची सोय असते. सात समुद्रांपलीकडे बसलेल्याने काय करावे?

हा प्रश्न आता आमच्याकडे थोड्याथोडक्या घरांचा राहिलेला नाही. शेगावला १९८३ साली संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि शेतकऱ्यांची, मास्तरांची मुले इंजिनिअर होऊ लागली. मी १९९६ साली तिथून बाहेर पडलो, तीन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि १९९९ साली अमेरिकेची वाट धरली. संगणकातल्या २००० सालच्या घोळाने तेव्हा आमच्यासारख्यांना भाव आला होता. माझ्याच वर्गातला मलकापूरकडचा एक मित्र दुबईला गेला. आज मी न्यू जर्सीत आहे. ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट मात्र अजून भारताचाच.

पहिली वीस वर्षे मला सल्लागाराची गरज भासली नाही. इकडचे घर वडील पाहत होते, तिकडची नोकरी मी पाहत होतो. २०१७ साली मेहकर तालुक्यातल्या आमच्या अकरा एकरांपैकी चार एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला वडिलांच्या खात्यावर जमा झाला. त्या दिवसांत आमच्या भागात नव्या मोटरसायकली जेवढ्या दिसू लागल्या, तेवढेच बॅग घेतलेले एजंटही दिसू लागले होते. वडिलांनी कुणालाही ओसरीच्या आत घेतले नाही. बहुतेक पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवला आणि विषय संपवला.

२०१९ साली वडील गेले. तेराव्यानंतर धाकट्या भावाने कागदांची पेटी माझ्यापुढे ठेवली. ठेवीच्या पावत्या, राष्ट्रीय बचत पत्रे, विम्याच्या दोन पॉलिसी आणि सात एकरांचा सातबारा. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर आई, मी आणि भाऊ अशी तीन नावे चढली. त्या दिवसापासून बँकेत कर्जाचा विषय निघाला की माझी सही अडू लागली. भाऊ फोनवर म्हणे, "दादा, तुह्या सहीपायी काम अडून राह्यलं. तुह्या वाट्याचं काय करायचं ते एकदा सांगून टाक." तो काही चुकीचे बोलत नव्हता. राबायचे त्याने आणि सहीसाठी थांबायचे तेही त्यानेच. पण काय सांगायचे, हेच मला ठरवता येत नव्हते. कारण वाटा सोडला, ठेवला किंवा विकला तर इकडे आणि तिकडे काय काय होते, हे समजावून सांगणारा माणूस माझ्यापाशी नव्हता. तेव्हा मी सल्लागार शोधायला निघालो.

सर्वात आधी अर्थातच घरचा माणूस पुढे आला. एक चुलतभाऊ विमा आणि म्युच्युअल फंडाचे काम करतो. तो मायेने म्हणाला, "परक्याले काहून पैसे देतं? मी हाये ना." त्याच्या मायेबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्याने सुचवलेले म्युच्युअल फंड मला चालणारे नव्हते. भारतातल्या म्युच्युअल फंडांना अमेरिकेचा करकायदा परदेशी गुंतवणुकीच्या एका खास वर्गात टाकतो. त्यांवरची करआकारणी कडक असते आणि बहुतेकदा दर वर्षी प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. आपल्याकडचे कितीतरी फंड तर अमेरिका-कॅनडातल्या भारतीयांचे पैसे घेतच नाहीत. चुलतभावाला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याची गिऱ्हाइके मेहकर, चिखली, देऊळगाव राजाची.

दुसरा सल्ला दुबईच्या मित्राचा. "एनआरई खात्यात मुदत ठेव टाक. व्याजावर एक पैसा कर नाही. डोळे मिटून झोप," असे त्याचे म्हणणे. त्याच्यापुरते ते शंभर टक्के खरे होते. अनिवासी भारतीयाने परदेशातून आणलेला पैसा एनआरई खात्यात ठेवला तर त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही, आणि संयुक्त अरब अमिरातीत पगारदाराला प्राप्तिकरच नाही. अमेरिका मात्र आपल्या नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाल्याला जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. तेच व्याज मला तिथे उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. एकाच वर्गातले, एकाच मेसमध्ये जेवलेले आम्ही दोघे; पण त्याला लागू पडणारे औषध मला अपायकारक. परदेशस्थांच्या गप्पांत फिरणारे पैशाचे सल्ले बहुधा असे असतात. ते खोटे नसतात, फक्त दुसऱ्या देशात राहणाऱ्याचे असतात.

तिसरा अनुभव बँकेचा. २०२४ साली आईच्या एका ठेवीची मुदत संपली. एका बँकेतला मुलगा घरी येऊन, चहा घेऊन, तिची सही घेऊन गेला. आई मला कौतुकाने सांगत होती, "पोरगा लई चांगला हाये रे. जास्त व्याजाची एफडी करून दिली त्यानं." कागदाचा फोटो मागवला तेव्हा ती एफडी नव्हती. दर वर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी होती, सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पैशातून! सुदैवाने पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. भावाने लेखी अर्ज दिला आणि किरकोळ कपात होऊन पैसे परत आले. वाचकांनी हे ३० दिवस लक्षात ठेवावेत. मुले परदेशात असलेल्या आई-वडिलांच्या घरी असे 'चांगले पोरगे' फार येतात.

अमेरिकेतही चित्र फारसे वेगळे नव्हते. मंडळाच्या गणेशोत्सवात एक गृहस्थ भेटले. आपल्याच भाषेत बोलणारे, मोदकाची ताटली हातात देऊन "निवृत्तीचा काही विचार केलाय का?" असे विचारणारे. चार भेटींनंतर त्यांच्या पोतडीतून आयुष्यभर हप्ते भरायची विमा योजना निघाली आणि जोडीला मीही तिचा विक्रेता व्हावे असा आग्रह. मी हात जोडले. आपल्या माणसाच्या भरवशावर होणाऱ्या फसवणुकीबद्दल अमेरिकेची रोखे नियामक संस्था वर्षानुवर्षे सावध करत आली आहे. सगळेच तसे असतात असे नाही. पण परक्या देशात मराठी कानावर पडले की आपण सैलावतो, आणि विकणाऱ्याला तेवढे पुरते.

या फेऱ्यांतून एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. माणूस चांगला की वाईट, हा पहिला प्रश्नच नव्हे. पहिला प्रश्न असा की, याला पैसे कोण देतो? चुलतभावाला फंड कंपनी देते, बँकेच्या मुलाला विमा कंपनीचे कमिशन मिळवायचे असते, मोदकवाल्या गृहस्थांना हप्त्यातला वाटा मिळतो. ज्याचे मीठ खावे त्याचेच गाणे गावे लागते. आपण त्यांना काही देत नाही म्हणून सल्ला फुकट वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्याच रकमेतून वळता झालेला असतो.

आपल्याकडे कायद्याने हा भेद आता स्पष्ट केला आहे. सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम आणले. नोंदणीकृत सल्लागार अशिलाकडून शुल्क घेतो. ज्याला सल्ला द्यायचा त्यालाच माल विकून कमिशन घेणे त्याला मना आहे. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'आयएनए' या अक्षरांनी होते आणि सेबीच्या यादीत नाव ताडून पाहता येते. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला 'एआरएन' क्रमांक असतो. तो कमिशनवर काम करतो, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र त्याने स्वतःला सल्लागार म्हणवू नये आणि आपणही तसे समजू नये. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजनाही मिळते, तिच्यात वितरकाचे कमिशन नसते. दोन योजनांच्या खर्चातला फरक पाहिला की फुकटच्या सल्ल्याची किंमत कळते. अमेरिकेतही १९४० सालच्या कायद्यापासून गुंतवणूक सल्लागारांवर बंधने आहेत. तो मिळकत कशी करतो, त्याच्यावर पूर्वी काही कारवाई झाली का, हे त्याला जाहीर कागदात लिहून द्यावे लागते आणि तो कागद कुणालाही पाहता येतो. ब्रिटनने तर २०१२ सालच्या अखेरीपासून सल्लागारांना नव्या गुंतवणुकीवर कमिशन घेण्याचीच बंदी केली.

असा कागद वाचून मी न्यू जर्सीत एक बाई निवडल्या. केवळ शुल्कावर काम करणाऱ्या. पहिल्याच भेटीत मी पीपीएफ म्हटले, तर त्यांनी ते काय असते असे विचारले. मला हसू आले आणि धीरही आला, कारण ठाऊक नसलेले ठाऊक आहे असे त्या दाखवत नव्हत्या. इकडे बुलढाण्यातले एक सीए तसेच भेटले. पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले, "इथला कायदा मी सांगतो. अमेरिकेचं मला विचारू नका. मी सांगितलं तरी ऐकू नका." एवढ्या एका वाक्यावर मी त्यांची फी आनंदाने दिली असती.

दोन्ही देशांचा जाणकार एकच माणूस मिळावा, अशी सगळ्यांची इच्छा असते. मोठ्या शहरांत असे काहीजण आहेतही. पण आमच्यासारख्यांच्या प्रकरणात सातबारा, फेरफार आणि तलाठी येतात. ते न्यू जर्सीत बसून कळत नाही. मग मी दोघांनाही ठेवले आणि त्यांच्यातला निरोप्या झालो. सीएंनी लिहिलेले मी बाईंना समजावून सांगायचो, बाईंचे सीएंना. या निरोपेगिरीत जे कळले ते कुणाच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

भारतात १९७३ च्या 'फेरा' कायद्याची जागा १ जून २००० पासून 'फेमा'ने घेतली. परदेशी स्थायिक झालेल्याने गावाकडचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. ते एनआरओ करून घ्यायचे असते. एनआरई आणि एनआरओ खाती रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या बँकांतच उघडतात, पतसंस्थेत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकठेवीसारखे ५ लाखांचे विमासंरक्षणही नसते, हे आई-वडिलांच्या ठेवींसाठीही ध्यानात घ्यावे. एनआरओच्या व्याजातून ३० टक्के कर आणि वर उपकर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करार १९८९ साली झालेला आहे, त्याच्या आधारे दुहेरी कर टाळता येतो, पण कागद वेळेवर द्यावे लागतात. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. शेतजमीन अनिवासी माणसाला विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळते, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

अमेरिकेची बाजू निराळी. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षातल्या कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असली तर ती खाती सरकारला कळवावी लागतात. आईने सोय म्हणून आपल्या खात्याला मुलाचे नाव जोडले असेल तर तेही खाते मोजले जाते. परदेशातून वर्षात १ लाख डॉलरहून अधिकचा वारसा मिळाला तर त्यावर कर नसला तरी खबर द्यावी लागते, न दिल्यास दंड जबर. आणि मी भावाच्या नावे हक्कसोडपत्र केले तर अमेरिकेच्या लेखी ते बक्षीस ठरून त्याचाही फॉर्म लागू शकतो. सख्ख्या भावाला वाटा सोडायचा आणि त्याची वर्दी वॉशिंग्टनला द्यायची! आई हे ऐकून किती तरी वेळ हसत होती.

पण या सगळ्या नियमांपेक्षा त्या बाईंचा एक प्रश्न मला जड गेला. दुसऱ्या भेटीत त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "तुम्ही परत जाणार आहात का?" बायको आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. पंचवीस वर्षे आम्ही 'पुढे बघू' म्हणत आलो होतो. त्या म्हणाल्या, "याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." खरेच होते ते. परतणाऱ्याला भारतात साधारण दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्नावर करसवलत मिळते, त्याला रुपयांची तजवीज हवी, जमीन ठेवण्यात अर्थ आहे. न परतणाऱ्याला म्हातारपणी डॉलर लागणार, दवाखाना तिथला, मुले तिथली. हिशेब एका प्रश्नावर अडला होता आणि त्याचे उत्तर कुठल्याही सल्लागाराकडे नव्हते.

आम्हाला दोन महिने लागले. मुलांशी बोललो, रात्री जागून बोललो. उत्तर निघाले ते असे की, वर्षातले दोन-तीन महिने गावी येऊ, पण कायमचे परतणार नाही. ते मोठ्याने म्हणताना बायकोचे डोळे भरून आले. माझेही फारसे निराळे नव्हते.

मग हक्कसोडपत्राचे बोलणे आईपुढे काढले. भावाला मोकळीक मिळेल, मलाही फॉर्मांची कटकट राहणार नाही, सीएंचीही हरकत नव्हती. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सातबाऱ्यावरचं नाव काढलं म्हन्जे तू पाव्हना झाला रे." यावर ना सीएंकडे उत्तर होते, ना माझ्याकडे. शेवटी भावानेच तोड काढली. मी त्याला रीतसर कुलमुखत्यारपत्र करून दिले, म्हणजे माझ्या सहीसाठी त्याचे कर्ज अडणार नाही. विहिरीवर नवी मोटर आली, ठिबक आले. नावे तिन्ही तशीच आहेत. न्यू जर्सीच्या बाईंनी माझ्या आराखड्यात एक ओळ लिहिली: आईच्या हयातीत जमिनीत बदल नाही. फायद्या-तोट्याच्या कोष्टकात ही ओळ बसत नव्हती, तरी त्यांनी ती लिहिली. तेव्हा मला वाटले, सल्लागार बरोबर मिळाला.

ज्यांची मुले-मुली परदेशी आहेत, किंवा जे स्वतः सुट्टीवर आलेले असताना हे वाचत असतील, त्यांना चार गोष्टी सुचवतो. सल्लागाराला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा की तुमची मिळकत कुठून येते, आणि उत्तर लेखी मागा. आम्ही राहतो त्या देशाचा कर तुम्हाला किती कळतो, हे विचारा. 'सगळं कळतं' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. नोंदणी क्रमांक नियामकाच्या यादीत स्वतः ताडून पाहा. आणि पैसे त्याच्या नावावर कधीही देऊ नका. चेक बँकेच्या किंवा फंडाच्या नावाचाच हवा.

घरच्या वडीलधाऱ्यांनी एक करावे. एक साधी वही घ्यावी. कोणत्या बँकेत कोणती ठेव, तिची मुदत कधी संपते, नामनिर्देशन कुणाचे, पॉलिसी कोणत्या, सातबारा कोणत्या गटाचा, हे सुवाच्य अक्षरात लिहावे आणि ती वही कुठे ठेवली ते मुलांना सांगावे. माझ्या वडिलांच्या पेटीत सगळे कागद होते, पण अशी वही नव्हती. ते सगळे त्यांच्या डोक्यात होते. भावाला आणि मला तो मेळ घालायला दीड वर्ष लागले. आज रविवार आहे. संध्याकाळी मुलांचा फोन येईल, जेवणाखाण्याची, नातवंडांची चौकशी होईल. त्यानंतर पाच मिनिटे हा विषयही काढावा.